परक्या गावचा पोट्टा

त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत रामटेकला दुकानांची रांग लागते, तेव्हा फुगे, बांगड्या, खेळणी आणि रेवड्यांच्या मधोमध एखादी दोरी हमखास टी-शर्टांची असते. जाळीदार, अंगाला गार लागणारं आणि घाम जराही न टिपणारं ते कापड. मेस्सी, रोनाल्डो, एम्बाप्पे आणि अलीकडे यमाल. आठ-दहा वर्षांचा पोट्टा त्या दोरीपाशी थांबला की शर्टाची पुढची बाजू बघतच नाही. शिलाई सरळ की वाकडी, रंग जाईल की टिकेल, हे आईने बघायचं. तो शर्ट उलटा करतो आणि पाठ वाचतो. पाठीवरची अक्षरं गरम दाबाने चिकटवलेली असतात. दोन-चार धुण्यांत आकड्याचा एक कोपरा सुटतो. तो बोटाने दाबून दाबून बसवत पोट्टा वर्षभर तोच शर्ट घालून हिंडतो. ज्याचं नाव पाठीवर आहे त्याच्या कानावर रामटेकचं नावही कधी गेलेलं नसतं. पोट्ट्याचं त्यावाचून काही अडत नाही.

त्याच दोरीवर कधी इटलीचा निळा शर्टही असतो, बहुधा बिननावाचा. २०१८ आणि २०२२ अशा लागोपाठ दोन विश्वचषकांना इटलीचा संघ पात्रच ठरला नाही, त्यामुळे त्या निळ्या रंगाशी या पोट्ट्यांची ओळख झालेलीच नाही. पण त्यांच्या वडिलांना, काकांना विचारावं. पन्नाशीकडे झुकलेला, फुटबॉलची थोडीफार गोडी असलेला माणूस तो निळा रंग बघून थबकतो आणि एकच नाव घेतो, रॉबर्टो बॅजिओ.

त्याला कारण आहे १९९४ च्या जुलैतली एक रात्र. रामटेकच्या आसपास जुलै म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. दिवसभर चिखलात वाकून काम केलेली माणसं दिवेलागणीनंतर लगेच आडवी होतात. अमेरिकेत पसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर भर दुपारी सुरू झालेला ब्राझील आणि इटलीचा अंतिम सामना आपल्याकडे दूरदर्शनवर लागला तो रात्री एक वाजता. ज्यांना फुटबॉलचं वेड होतं तेवढेच जागे राहिले. जादा वेळ धरून दोन तास खेळ झाला, पण गोल कुणाचाच झाला नाही. पहाटे साडेतीनच्या सुमारास पेनल्टींवर निकाल लावायची पाळी आली. इटलीची पाचवी पेनल्टी घ्यायला जो पुढे आला त्याच्या मानेवर केसांची बारीकशी शेपटी रुळत होती. चेंडू आडव्या खांबावरून वर गेला, ब्राझील विश्वविजेता झाला. त्यानंतर कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून तो जागच्या जागी उभा राहिला. विजेत्यांचा जल्लोष त्याच्या मागे चाललेला होता आणि बघणाऱ्यांची नजर या एकट्यावर खिळली होती.

हरलेल्या माणसाचा चेहरा इतका लोकप्रिय व्हावा, याचं नवल वाटतं. पण त्या रात्री बॅजिओ २७ वर्षांचा होता आणि जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून आदल्याच वर्षी त्याचा गौरव झाला होता. लोकांचा त्याच्यावर जीव जडला तो त्याच्या फार आधी, तो जेमतेम विशीत असताना. ती गोष्ट फ्लॉरेन्स शहराची आहे, आणि रामटेकच्या माणसाला ती सहज उमगावी अशी आहे.

बॅजिओ मूळचा फ्लॉरेन्सचा नव्हे. उत्तर इटलीत विचेंझाजवळ काल्दोन्यो नावाचं लहानसं गाव आहे. तिथे १८ फेब्रुवारी १९६७ रोजी तो जन्मला, आठ भावंडांतला सहावा. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच तो विचेंझाच्या मोठ्या संघातून तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळायला लागला. त्याचा खेळ पाहून फ्लॉरेन्सच्या फिओरेंटिना क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं. सौदा होतच होता, आणि ५ मे १९८५ या दिवशी रिमिनीविरुद्धच्या सामन्यात त्याचा उजवा गुडघा फाटला. अठरा वर्षांचं वय. गुडघ्याचे मुख्य बंध तुटले होते, शस्त्रक्रियेसाठी फ्रान्सला जावं लागलं आणि २२० टाके पडले. त्या काळात असा गुडघा म्हणजे खेळाडूचा शेवट मानला जाई. फिओरेंटिनाला माघार घ्यायला पुरेसं निमित्त होतं, पण क्लबने शब्द फिरवला नाही.

पुढची दोन वर्षं फ्लॉरेन्सने वाट पाहण्यात काढली. १९८६ च्या सप्टेंबरात तो पहिल्यांदा इटलीच्या अव्वल लीगमध्ये उतरला आणि आठवडाभरात गुडघा पुन्हा दुखावला. पुन्हा इस्पितळ, पुन्हा व्यायाम, मैदानाच्या कडेला एकट्याने पळणं. मोसम संपत आला तेव्हा, १० मे १९८७ ला, तो नापोलीविरुद्ध खेळला. त्या दिवशी मॅराडोनाच्या नापोलीला आयुष्यातलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायचं होतं आणि अख्खं नेपल्स शहर मैदानात लोटलं होतं. त्या कल्लोळात वीस वर्षांच्या बॅजिओने फ्री किकवर गोल केला. अव्वल लीगमधला त्याचा हा पहिला गोल. सामना बरोबरीत सुटला, नापोली विजेता झाला, आणि फ्लॉरेन्सला आपला खेळाडू मिळाला.

त्याच्या खेळात रांगडेपणा नव्हता. चेंडू त्याच्या पायाशी आला की गती वाढायच्या ऐवजी किंचित मंदावल्यासारखी वाटायची. बचाव करणारा पुढे झेपावायचा आणि तेवढ्यात बॅजिओ त्याच्या बगलेतून निसटलेला असायचा. गोलरक्षक समोर आला तरी धाडकन् फटका मारायची घाई नाही. त्यालाही वळसा घालून चेंडू रिकाम्या जाळ्यात सरकवायचा. पण त्या सगळ्या लीलेखाली तो शिवलेला गुडघा आहे, हे प्रेक्षागारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याची प्रत्येक गिरकी बघताना माणसं श्वास रोखायची, आणि पाय पुन्हा जमिनीवर नीट टेकला की सोडायची. घरातलं पोर आजारातून उठून पहिल्यांदा अंगणात खेळायला गेलं की आई दारात उभी राहते, तसं ते प्रेक्षागार होतं. फ्लॉरेन्सने त्याला पैसे मोजून विकत घेतलं होतं हे खरं, पण माणसं त्याच्यावर जो हक्क सांगू लागली तो त्या दोन वर्षांच्या काळजीतून आलेला होता.

म्हणूनच १९९० चा मे महिना शहराला सोसला नाही. त्या वर्षी युरोपातल्या युएफा चषकाच्या अंतिम फेरीत फिओरेंटिना आणि तुरीनचा युव्हेंटस समोरासमोर आले आणि फिओरेंटिना हरली. युव्हेंटस हा फ्लॉरेन्सचा हाडवैरी. हार पचते न पचते तोच दोन दिवसांत बातमी फुटली की क्लबच्या मालकांनी बॅजिओला त्याच युव्हेंटसला विकलं. किंमत सुमारे ८० लाख पौंड, तेव्हाच्या जगातली सर्वांत मोठी. माणसं रस्त्यावर उतरली. पियात्सा साव्होनारोला या चौकातल्या क्लबच्या कचेरीला वेढा पडला, दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, जवळपास ५० माणसं जखमी झाली. इटलीच्या राष्ट्रीय संघाचं सराव केंद्र कोवेर्चानो हेही फ्लॉरेन्समध्येच. महिनाभरावर आलेल्या विश्वचषकासाठी बॅजिओ तिथे आला तेव्हा लोकांचा रोष तिथवर पोचला. तुरीनला त्याची ओळख करून देताना गळ्यात युव्हेंटसचा मफलर घातला गेला, तो त्याने काढून टाकला. तेविसाव्या वर्षी सौद्यातली किंमत आणि शहराची माया यांच्या मधोमध तो सापडला होता.

एका फुटबॉलपटूसाठी शहर असं पेटतं हे दुरून वाचताना अतिरेकी वाटेल. रामटेकात बसून वाचताना तेवढं वाटत नाही. ज्याचा आपल्या मातीशी जन्माचा संबंध नाही, अशाला आपलं म्हणणं हा या गावाचा फार जुना रिवाज आहे.

गडावर ज्याचं मंदिर आहे तो मुळात अयोध्येचा. वनवासात तो इथे थांबला होता, या श्रद्धेवर हे गाव उभं आहे. कालिदास कुठे जन्मला हे कुणी ठामपणे सांगत नाही, पण मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. आता गडावर कवीचं स्मारक आहे आणि गावात त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. अलीकडच्या काळातला दाखला हवा तर पी. व्ही. नरसिंह राव. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन ठिकाणांहून उभे होते. त्यांच्या मुलखातल्या हनमकोंड्याने त्यांना पाडलं, रामटेकने निवडून दिलं. १९८९ साली रामटेकने त्यांना पुन्हा निवडून दिलं. तेलुगू घरात जन्मलेल्या या माणसाने कायद्याचं शिक्षण नागपुरात घेतलं होतं, मराठी ते सराईतपणे बोलत, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. फ्लॉरेन्सच्या चौकात दगड उडत होते त्या मे १९९० मध्ये रामटेकचे खासदार तेच होते. पुढच्या वर्षी ते रामटेकातून उभे राहिले नाहीत, आणि जूनमध्ये देशाचे पंतप्रधान झाले. तेव्हा ते इथले खासदार उरले नव्हते, तरी त्यांचं नाव निघालं की रामटेकचं नाव मागोमाग येतंच.

गावाने सांगितलेला हक्क त्या पाहुण्याने कसा वागवावा, हा प्रश्न मात्र उरतो. बॅजिओपुढे तो वर्षभरातच आला.

६ एप्रिल १९९१. युव्हेंटसचा संघ फ्लॉरेन्सला खेळायला आला. यजमान एका गोलने पुढे होते. उत्तरार्धात बॅजिओलाच पाडल्याबद्दल युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. संघाच्या पेनल्टी एरवी तोच घेई, पण त्याने त्या दिवशी नकार दिला. फिओरेंटिनाच्या गोलरक्षकाला माझी पद्धत पक्की ठाऊक आहे, असं कारण त्याने पुढे सांगितलं. सहकारी दे अगोस्तिनीने पेनल्टी घेतली, गोलरक्षकाने ती अडवली, आणि युव्हेंटस ती लढत हरला. थोड्या वेळाने बॅजिओला बाहेर बोलावण्यात आलं. मैदानाच्या कडेने जाताना प्रेक्षागारातून कुणीतरी फिओरेंटिनाचा जांभळा मफलर त्याच्या दिशेने फेकला. त्याने तो उचलला.

कृती एवढीच. अंगावर युव्हेंटसचे काळे-पांढरे पट्टे आणि हातात जांभळा मफलर. तुरीनच्या पाठीराख्यांना ते फार दिवस खुपलं, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक नाही. पगार देणाऱ्या क्लबचा सामना त्या दिवशी हातचा गेला होता. व्यावसायिक खेळाडूने असं वागावं का, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येतं. पण फ्लॉरेन्सला जे हवं होतं ते त्या वाकण्यात मिळालं. इतकी वर्षं आपण ज्याची काळजी वाहिली त्यालाही ती आठवते आहे, एवढंच त्या माणसांना पाहायचं होतं.

बॅजिओच्या फ्लॉरेन्सच्या वर्षांतली आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचं टोक थेट विदर्भात येऊन मिळतं. दुखापतींनी पिचलेल्या त्या काळात तो बौद्ध धम्माकडे वळला. कॅथलिक घरातल्या, विशी नुकतीच ओलांडलेल्या या मुलाने १९८८ च्या सुरुवातीला तेराव्या शतकातले जपानी भिक्खू निचिरेन यांच्या परंपरेतली साधना सुरू केली. सकाळ-संध्याकाळ ‘नम् म्योहो रेंगे क्यो’ हा जप करायचा. ही साधना त्याने पुढे कायम चालू ठेवली. क्लब बदलले, प्रशिक्षकांशी खटके उडाले, गुडघे पुन्हा पुन्हा दुखावले, जप सुटला नाही. इटलीच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘दिव्य शेपटीवाला’ अशा अर्थाचं लाडकं नाव दिलं, त्यात केसांइतकाच या साधनेचाही वाटा होता.

हाच मंत्र विदर्भाच्या कानावर त्याच्या कितीतरी आधी पडला होता. जपानचे भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. आश्रमातली मंडळी त्यांना फुजी गुरुजी म्हणत. त्यांच्या परंपरेतला एक जपानी भिक्खू पुढे सेवाग्रामच्या आश्रमात राहत असे आणि लहानसा ढोल वाजवत हा जप करत असे. जपान महायुद्धात उतरला तेव्हा पोलीस त्याला घेऊन गेले. गांधीजींनी त्याची आठवण म्हणून त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत ठेवून घेतला. सेवाग्रामची प्रार्थना आजही त्याच शब्दांनी सुरू होते. फ्लॉरेन्समधल्या घरात एक तरुण खेळाडू दुखरा पाय सांभाळत जे शब्द म्हणत होता, ते इथल्या कुडाच्या भिंतींना पन्नास वर्षांपासून पाठ होते.

रामटेकच्या आणखी जवळ यायचं तर मनसर आहे. जबलपूर रस्त्यावरून रामटेककडे वळण्याचं ठिकाण, मँगनीजच्या खाणींचं गाव. तिथल्या टेकडीवर उत्खनन होऊन वाकाटकांच्या काळातल्या विटांच्या भव्य वास्तू उजेडात आल्या. या कामामागे ज्यांचा ध्यास होता ते भदन्त नागार्जुन सुरेई ससाई जपानमध्ये जन्मलेले. १९६० च्या दशकात ते भारतात आले, राजगीरहून नागपूरला पोचले आणि तिथल्या इंदोऱ्याचे झाले. रामटेक-मनसरच्या डोंगरांशी आचार्य नागार्जुनाचं नाव परंपरेने जोडलेलं आहे, त्याचाच शोध त्यांना इथवर घेऊन आला. हिंदी-मराठी मिसळून बोलणाऱ्या या जपानी भिक्खूला पुढे भारताचं नागरिकत्व मिळालं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांच्या पाया पडायला येणाऱ्यांच्या मनात त्यांचं मूळ गाव कुठलं हा प्रश्नच नसतो.

नागपूरहून रामटेकला येताना वाटेत कामठी लागते. तिथे १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार उभं राहिलं, आत चंदनाची बुद्धमूर्ती आहे. त्याच कामठीची दुसरी ओळख फुटबॉल ही आहे. इंग्रजांनी १८२१ साली इथे छावणी वसवली. गोरे सोजीर गेले, त्यांचा खेळ मागे राहिला आणि गल्लीबोळांत मुरला. कामठीचा रब्बानी क्लब नागपूरच्या लीगमध्ये पिढ्यान् पिढ्या खेळतो आहे. इथल्या पोट्ट्यांना चेंडू पायाने थांबवणं कुणी शिकवावं लागत नाही. थोरला भाऊ खेळतो, धाकटा रेषेबाहेर चपला सांभाळत बसतो, आणि एखादा गडी कमी पडला की आत जातो. बुद्धाची मूर्ती आणि फुटबॉलचं मैदान एका गावात असावं, आणि या दोहोंवर जीव टाकणारा तो इटालियन तिथे कधीच न यावा, याची हळहळ वाटते.

कोल्हापूरकडे पाहिलं तर खेळाडूवर हक्क सांगण्याची ही रीत आणखी ठळक दिसते. तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली म्हातारी माणसंही संध्याकाळपर्यंत निकाल विचारत राहतात. अलीकडे या संघांतून आफ्रिकेतून आलेले खेळाडूही खेळले. रविवारी ज्याचं नाव उच्चारताना जीभ अडखळत होती, त्याने गोल केला की सोमवारी तो पेठेचाच. आणि विश्वचषक आला की चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे फलक उभे राहतात, घरच्या लग्नाला लावावेत तशा हौसेने.

पण या हक्काला दुसरी बाजूही आहे, आणि तीही एका तरुण इटालियनाच्याच वाट्याला आली. नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारेचा जियानलुइजी डोनारुम्मा २५ ऑक्टोबर २०१५ रोजी एसी मिलानच्या गोलमध्ये उभा राहिला तेव्हा तो १६ वर्षांचा होता. शाळेच्या वयाचा हा उंचापुरा मुलगा लहानपणापासून मिलानचाच चाहता होता, आणि मिलानने त्याला डोक्यावर घेतलं. दोन वर्षं झाली नाहीत तोच करार वाढवण्यावरून बोलणी फिसकटली. जून २०१७ मध्ये तो पोलंडमध्ये २१ वर्षांखालच्या इटलीकडून खेळत असताना गोलमागच्या प्रेक्षकांनी त्याच्या अंगावर खोट्या डॉलरच्या नोटा उधळल्या. अठरा वर्षांचा मुलगा पाठीमागे नोटांचा सडा घेऊन उभा होता आणि समोर डेन्मार्कचे आघाडीवीर धावून येत होते. पुढे करार झाला. २०२१ मध्ये तो मुदत संपल्यावर पॅरिसला गेला. त्याच उन्हाळ्यात वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध पेनल्टी अडवून त्याने इटलीला युरोपचं अजिंक्यपद मिळवून दिलं, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि तीनच महिन्यांनी इटलीकडून मिलानच्याच मैदानावर उतरला तेव्हा त्याच्यासाठी शिट्ट्या वाजल्या, त्या हेटाळणीच्या.

आपलं मानण्यातच हा काच दडलेला असतो. माणसं इतकं देतात की घेणाऱ्याला ते फेडता येत नाही, आणि देणाऱ्यांना वाटतं, फेडायला हवं होतं. विशीतल्या मुलाच्या खांद्यांवर हे ओझं पडतं आणि ते कसं पेलावं हे कुठलंही प्रशिक्षण केंद्र शिकवत नाही. बॅजिओला त्या दिवशी मफलर सुचला. डोनारुम्माच्या दिशेने कुणी मफलर टाकलाच नाही.

ज्यांच्यावर कुणीच हक्क सांगत नाही अशा मुलांची गोष्ट नागपुरातच घडली. २००१ च्या पावसाळ्यात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली पोरं भर पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी त्यांना चेंडू दिला, मग स्पर्धा भरवली. झोपडपट्टी फुटबॉल म्हणून सुरू झालेलं ते काम पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने जगाला माहीत झालं. इथली मुलं बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळली, आणि २०१६ साली संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. याच कामावरचा नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट मार्च २०२२ मध्ये आला तेव्हा पडद्यावर नागपूरच्याच वस्त्यांतले चेहरे होते, त्यांचीच बोली होती. अमिताभ बच्चनसारखा माणूस पडद्यावर असताना गर्दी या पोट्ट्यांची नावं विचारत होती. स्वतःच्या गल्लीतल्या मुलाचं नाव पाठीवर घालून हिंडावं, अशी इच्छा विदर्भात पहिल्यांदा त्या काळात कुणाच्या तरी मनात आली असेल. ती टिकायला हवी. युरोपातल्या नावांवर जीव टाकणारं गाव कामठीच्या आघाडीवीराचा सामना बघायला वीसेक मैल जाईल, तर ते नाव दोरीवर यायलाही फार वेळ लागणार नाही.

बॅजिओ शेवटचा सामना खेळला तो १६ मे २००४ रोजी, मिलानच्या सान सिरो मैदानावर. तेव्हा तो ब्रेशिया या लहानशा क्लबकडून खेळत होता. खेळ संपायला काही मिनिटं असताना त्याला बाहेर बोलावलं गेलं आणि समोरच्या संघाचं अख्खं मैदान उभं राहिलं. मिलानचा कर्णधार पाओलो मालदिनी, दहा वर्षांपूर्वी पसाडिनात त्याच्याबरोबर हरलेला, चालत आला आणि त्याने त्याला मिठी मारली. इटलीच्या अव्वल लीगमध्ये त्याचे २०५ गोल झाले होते. फिओरेंटिना, युव्हेंटस, मिलान, बोलोन्या, इंटर, ब्रेशिया, इतक्या क्लबांचे शर्ट त्याने घातले, तरी कुठल्याच एका क्लबपुरता तो उरला नव्हता.

रामटेक-कामठीच्या फुटबॉल बघणाऱ्या जुन्या माणसांपुढे १९९४ चा विषय काढून पाहावा. तीस वर्षं उलटून गेली, पण ती पेनल्टी त्यांच्या लेखी अजून मिटलेली नाही. पाय दुखत होता त्याचा, एकजण सुरुवात करतो, उपांत्य फेरीतच बल्गेरियाविरुद्ध दोन गोल केले आणि मांडीचा स्नायू धरला. दुसऱ्याला त्याच्याही आधीचं आठवतं. नायजेरियाविरुद्ध दोनच मिनिटं उरली होती, इटलीकडे दहाच खेळाडू होते, तेव्हा बरोबरी कुणी केली? स्पेनविरुद्ध अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कोण धावलं? बारेसीची पेनल्टीही वरूनच गेली होती ना, मस्सारोची तर अडवली, मग त्यांचं नाव काहून कोणी घेत नाही? मग कुणीतरी बोटांवर मोजून हिशोब मांडतो, की बॅजिओचा चेंडू आत गेला असता तरी तीन-तीन झाले असते आणि ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लकच होती. हिशोब बरोबर असतो, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही. प्रशिक्षक साक्कीवर गाडी येते. १९८५ साली ज्या रिमिनीविरुद्ध तो गुडघा फाटला त्या संघाचा प्रशिक्षकही हाच साक्की होता, हे एखाद्याला ठाऊक असतं आणि तो ते मोठ्या तावाने सांगतो. दुखऱ्या पायाच्या पोट्ट्याला पाचवी पेनल्टी द्यायची की पहिली, इथे मात्र दोन तट पडतात, आणि चहा पुन्हा सांगावा लागतो.